अण्णासाहेबांचं हलकं पाणी

अण्णासाहेब ओव्हाळांना बसता येत नसे. गुडघ्यांची तक्रार नव्हती, कंबरेचीही नव्हती. खुर्ची पुढे केली तर ते रीतसर टेकत, आणि टेकल्या टेकल्या त्यांना वाटे की आपलं कशावर तरी लक्ष ठेवायचं राहिलं आहे. मग उठून ते गॅसचं बटण बघून येत, गिझरचा लाल दिवा बघून येत. बघण्यासारखं घरात काहीच उरलं नाही की बाल्कनीत उभे राहून रस्त्यावरचे कंटेनर बघत. चाकणकडे जाणारे कंटेनर कधी संपत नाहीत, तेवढी एक सोय होती.

हा धंद्याचा संस्कार. भोसरीच्या एका कारखान्यात त्यांनी सगळी नोकरी बॉयलर हाऊसमध्ये काढली. बॉयलरपाशी निवांत बसलेला माणूस एक तर नवा असतो, नाहीतर त्याची बदली ठरलेली असते. बॉयलरला वाफ लागते, वाफेला पाणी लागतं, आणि ते पाणी हलकं लागतं. जड पाणी, म्हणजे क्षारांचं, आत गेलं की नळ्यांना आतून पांढरा थर धरतो. थर धरला की नळी तापते, तापली की फुटते, आणि मग चौकशी समिती बसते. समितीला बसता येतं. म्हणून आत जाणारं पाणी आधी सॉफ्टनरमधून हलकं करायचं आणि प्रत्येक पाळीला बाटलीत घेऊन तपासायचं. औषधाचे थेंब टाकल्यावर पाणी गुलाबी झालं तर जड, निळं झालं तर हलकं. निळ्या रंगावर अण्णासाहेबांची श्रद्धा घरातूनच आलेली होती. बॉयलरने तिला शास्त्राचा आधार दिला, इतकंच.

ते निवृत्त झाले आणि मुलाने, धम्मरत्नने, मोशीच्या पुढे चाकण रस्त्याला फ्लॅट घेतला. तो चाकणच्या कंपनीत क्वालिटीला, त्याची बायको नेहा निगडीला बँकेत. सोसायटीचं नाव निर्झर हाइट्स. नावात निर्झर होता, आवारात बोअर होती, आणि नळाला बहुतेक टँकरचं पाणी येत होतं. "पप्पा, तुम्ही आणि आई आता आमच्याकडेच," असं धम्मरत्न म्हणाला, अण्णासाहेब लगेच हो म्हणाले, आणि तानुबाईंना विचारायचं राहून गेलं.

तानुबाई म्हणजे अण्णासाहेबांची बायको. माहेर मावळातलं, आणि सगळा संसार संत तुकाराम नगरातल्या दोन खोल्यांत झालेला. निघताना त्यांनी त्या खोल्यांना स्वतःच्या हाताने कुलूप लावलं आणि चावी पदराच्या टोकाला गाठ मारून बांधली. नव्या घरात आल्यावरही ती गाठ सुटली नाही.

"आई, कपाटात ठेवा ना ती," नेहा म्हणाली. "हरवेल."

"पदर काय हारवनार हाय व्हय?" तानुबाई म्हणाल्या.

निर्झर हाइट्समध्ये पहिलं भांडण डाळीने काढलं. कुकरच्या शिट्ट्यांनी मजला दणाणायचा, पण झाकण उघडलं की तूरडाळ कण्याकण्यांनी तळाशी बसलेली, वर नितळ पाणी. स्टीलच्या पेल्यांवर पांढरे ठिपके, लिंबाने घासल्याशिवाय न जाणारे. बादलीला आतून पांढरी कड. स्वयंपाकघरातला पिण्याच्या पाण्याचा फिल्टर सारखा तुंबायचा. "फिल्टरवाला इतक्यांदा येतो," नेहा म्हणाली, "की भाऊबीजेला ओवाळणी घेऊनच येईल."

"साबन लावला का आंगाला दही फासल्यावानी हुतं," तानुबाईंनी आपली तक्रार मांडली. "फेस म्हनून न्हाई. तुकाराम नगराला आसं नव्हतं."

अण्णासाहेबांचा चेहरा खुलला. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच ओळखीचा शत्रू भेटला होता. जुन्या सोबत्याकडून ते ती बाटली आणि थेंबांचं औषध घेऊन आले आणि नळाचं पाणी तपासलं. पाणी लग्नातल्या सरबतासारखं गुलाबी झालं. त्या आठवड्यातच ड्राय बाल्कनीत, वॉशिंग मशिनच्या शेजारी, सॉफ्टनरची उंच नळकांडी उभी राहिली आणि तिच्या पायाशी मिठाची टाकी.

"आत काय असतं, पप्पा?" नेहाने विचारलं.

"मणी. तपकिरी साबुदाण्यासारखे. पाण्यातला चुना ते धरून ठेवतात आणि बदल्यात आपल्याजवळचं मिठातलं काहीतरी सोडून देतात. चुन्याने भरले की मिठाच्या पाण्याने धुवायचे. चुना गटारात, मणी परत ताजे."

"म्हणजे मिठातलं ते काहीतरी आपल्या पाण्यात येतं?"

"बॉयलरला चालतं," अण्णासाहेब म्हणाले.

नेहाने हा विनोद आहे का ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघून ठरवायचा प्रयत्न केला. अण्णासाहेब विनोद करत नसत.

प्लंबरने सॉफ्टनरच्या अलीकडे एक नळ ठेवला होता, कच्च्या पाण्याचा. बाल्कनी धुवायला, मशिन बंद पडलं तर उपयोगाला. अण्णासाहेबांनी त्याची मूठ तांब्याच्या वायरने पक्की बांधून टाकली. बॉयलर हाऊसमध्ये हा नियमच होता. कच्च्या पाण्याची वाट बांधलेली बरी. झोपेतल्या माणसाने उघडली तर सगळा कारखाना ठप्प होतो.

त्या संध्याकाळी डाळ लोण्यासारखी शिजली. साबणाला फेस आला. बाटली निळीशार झाली आणि अण्णासाहेबांनी ती धम्मरत्नला, नेहाला, शेजारच्या शालनबाईंना आणि पार्सल द्यायला आलेल्या माणसालाही दाखवली. पार्सलवाला "भारीये काका" म्हणाला आणि सही घेऊन गेला.

आश्विन पौर्णिमेला सगळे देहूरोडच्या विहारात गेले. तिथल्या एका ओळखीच्या बाईने तानुबाईंना बोधिवृक्षाचं रोप दिलं, हातभर उंचीचं, पानं हलती. तानुबाईंनी ते मांडीवर धरून आणलं, बाल्कनीत कुंडीत लावलं, आणि हात धुवायच्या आधीच सगळ्यांसमोर सांगून टाकलं.

"ह्ये झाड हितं रुजलं तर मी बी रुजले. बुद्धपौर्णिमेला बगू. न्हाई रुजलं तर माजं तुकाराम नगर बरं."

"आणि मी?" अण्णासाहेबांनी विचारलं.

"तुमी कुटं बी उबेच ऱ्हाता. तुमाला काय फरक पडतोय?"

धम्मरत्न हसला. अण्णासाहेब हसले नाहीत. तानुबाई बोललेलं करतात, हे ते लग्नापासून बघत आले होते. आता घरात लक्ष ठेवण्याजोगं एकच काही होतं आणि त्यावर त्यांनी रीतसर ताबा घेतला.

"झाडाला त्या बांधल्याल्या नळाचं पानी घालू का? साधं?" तानुबाईंनी दुसऱ्याच दिवशी विचारलं.

"म्हणजे आपण हलकं वापरायचं आणि बोधिवृक्षाला जड?" अण्णासाहेबांना धक्काच बसला. "घरातलं उत्तम ते त्याला."

श्रद्धेपुढे आणि बॉयलरपुढे एकाच वेळी बोलणं कठीण असतं. कुंडीला रोज उत्तम पाणी मिळू लागलं.

मार्गशीर्षात पानांच्या कडा तपकिरी झाल्या, बिडीचा चटका द्यावा तशा. अण्णासाहेबांनी उन्हाला दोष दिला आणि कुंडी सावलीत सरकवली. डाग आत सरकले. मग त्यांनी वाऱ्याला दोष दिला, मग कंटेनरच्या धुराला, आणि प्रत्येक दोषामागे कुंडीत एक मग पाणी वाढवलं. बॉयलरवर काही बिनसलं तर आधी पाणी तपासायचं, म्हणून झाडाचं पाणीही ते बाटलीत तपासत. निळं. पाणी निर्दोष होतं, हे रोज सकाळी सिद्ध होत होतं आणि पानं रोज सकाळी थोडी आणखी करपत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध असेल असं त्यांना वाटलं नाही. बाटलीवर अविश्वास दाखवायची त्यांची ऐपत नव्हती. सगळी नोकरी तिच्यावर उभी होती.

"पिंपळ घरात ठेवू नये हो तानुबाई," शालनबाई एकदा दारातून म्हणाल्या. "त्यावर मुंजा असतो."

"आमचा बोधी हाय, बाई. आन् मुंजा आला तर येऊ द्या की. लिफ्ट बंद असली का टँकरचं पानी वर चढवाया कामाला यील."

माघात पानं गळाली. "पानगळ आहे," अण्णासाहेबांनी जाहीर केलं. "सगळे पिंपळ गळतात." हे खरं होतं. खोटी आशा खऱ्या गोष्टीवर बसली की उठता उठत नाही.

मग चैत्र आला. मोशीच्या रस्त्याकडेचे पिंपळ तांबूस पालवीने चमकायला लागले आणि बाल्कनीतल्या कुंडीत एक काडी उभी राहिली. तानुबाई त्या काडीकडे बघत, काही बोलत नसत आणि आत जात. त्यांचं न बोलणं अण्णासाहेबांना बोलण्यापेक्षा जास्त ऐकू येई. ते घरभर फिरत. गॅस, गिझर, काडी. गॅस, गिझर, काडी.

भीमजयंतीला तानुबाई संत तुकाराम नगरला गेल्या आणि जयंती झाली तरी परतल्या नाहीत. फोनवर म्हणाल्या, "घरात लई धूळ बसलीया. झाडून घेते." दोन खोल्या झाडायला किती वेळ लागतो, हे अण्णासाहेबांना ठाऊक होतं.

"पप्पा, नर्सरीतून दुसरं रोप आणू का?" धम्मरत्न जेवताना म्हणाला. "तेवढंच उंच. आईला कळणार पण नाही."

"तू साधा शर्ट बदललास तर त्यांना जुन्या शर्टाचं बटण आठवतं," नेहा म्हणाली. "आणि झाड कळणार नाही?"

"बोधिवृक्षात डुप्लिकेट चालत नाही," अण्णासाहेब म्हणाले आणि अर्ध्या जेवणातून उठले. गिझर बघायचा होता.

त्यानंतरच्या रविवारी सकाळी सोसायटीचे सेक्रेटरी ज्योतीराम आले. लातूरकडचे, चाकणला एका कंपनीत स्टोअरला, आणि सुट्टीच्या दिवशी सगळ्यांच्या शिव्या खायला मोकळे.

"काका, जरा खाली येता का? तुम्ही टेक्निकल माणूस. एक काम पडलंय."

सी विंगच्या मागच्या भिंतीला, गच्चीवरच्या टाकीचं पाणी जिथून भरून वाहायचं त्या पाइपाखाली, क्षारांचे पांढरे ओघळ साचून मेणबत्तीसारखा जाड थर झाला होता. त्या थरातूनच एक पिंपळ बाहेर आला होता. खोड अंगठ्याएवढं, पण पालवी अशी लखलखीत की भिंतीलाच लाज वाटावी.

"दोनदा तोडलं ओ. परत फुटायलंय," ज्योतीराम वैतागून म्हणाले. "मुळं भिंतीत गेली की गळती, आन् गळती झाली की लोक माझं डोकं खायलेत."

"याला पाणी कोण घालतं?"

"कोण घालतंय? टाकी वाहते तेवढंच. टँकरचं."

"टँकरचं," अण्णासाहेब म्हणाले.

"तोडून उपयोग नाही काका. आमच्या गावाकडं एक सांगतेत. बुडाला मिठाचं पाणी घालायचं. एकदम नाही, थोडं थोडं, रोज. आधी पानाच्या कडा जळतेत, मग पानं गळतेत, मग झाड उभ्या उभ्या वाळून काडी होतंय. आवाज नाही, भांडण नाही. तुमच्या त्या मशिनचं मीठ असतंय की घरात? थोडं देता का?"

अण्णासाहेब उभे होते. ते नेहमीच उभे असत, पण उभ्याने चुळबुळ करत. या वेळी ते हलले नाहीत.

"काका? बरं वाटेना का?"

"मीठ संपलंय," अण्णासाहेब म्हणाले. वर अर्धी गोणी होती. "आणि ज्योतीराम, हे झाड बुद्धपौर्णिमेपर्यंत राहू द्या."

"का ओ?"

"बोधिवृक्ष आहे."

ज्योतीरामांनी वर बघितलं, मग अण्णासाहेबांकडे बघितलं. "असं म्हणता? राहू द्या मग. तसंबी मिस्त्री कुठं वेळेवर यायलाय."

लिफ्टची वाट न बघता अण्णासाहेब जिना चढले. बाल्कनीत जाऊन त्यांनी काडीची साल नखाने खरवडली. शेंड्याला तपकिरी. मधे तपकिरी. मातीलगत, अगदी बुडाशी, दोऱ्याएवढी हिरवी रेघ दिसली. तिला आणखी नख लावायचं धाडस त्यांना झालं नाही.

मग ते ड्राय बाल्कनीत गेले आणि सॉफ्टनरकडे बघत राहिले. मणी चुना ठेवून घेतात आणि मिठातलं काहीतरी सोडतात. बॉयलरला त्या काहीतरीशी देणंघेणं नसतं; बॉयलर पीत नाही, उकळतो. ते काहीतरी हिवाळाभर कुंडीतल्या मातीत साचत गेलं होतं, आणि बाटली निळी होत गेली, कारण बाटलीला जडपणा तेवढा विचारलेला होता, मिठाचं कुणी विचारलंच नव्हतं. भरलेले मणी मिठाने धुतात. मिठाने भरलेली माती उलट चुन्याच्या पाण्याने धुवायला हवी. हे सगळं त्यांना माहीत होतं. फक्त ते बॉयलर हाऊसच्या बाहेर कधी आणलं नव्हतं.

त्यांनी पक्कड घेतली आणि नळाची वायर सोडली. कुंडी विटांवर ठेवली, बुडाचं भोक खिळ्याने मोकळं केलं आणि कच्चं पाणी ओतायला सुरुवात केली. वरून ओतायचं, खालून निथळू द्यायचं, परत ओतायचं. सवयीने बाटलीत घेऊन तपासलंही. पाणी गुलाबी झालं. गुलाबी पाणी बघून त्यांना जन्मात पहिल्यांदा बरं वाटलं आणि बरं वाटल्याची थोडी शरमही वाटली.

धम्मरत्न दारात येऊन थबकला. "पप्पा, तुम्ही तो बांधलेला नळ उघडलात?"

"संध्याकाळी तू एक बादली ओत," अण्णासाहेब चपला शोधत म्हणाले. "मी तुझ्या आईकडे जाऊन येतो."

भोसरीला बस बदलून ते संत तुकाराम नगरात पोचले तेव्हा दोन्ही खोल्या झाडून लख्ख होत्या. तानुबाई दारात तांदूळ निवडत होत्या.

"आत या की. उंबऱ्यात काय पाहुण्यावानी?"

"झाड मी मारलं," अण्णासाहेब म्हणाले.

तानुबाईंचा हात सुपात थांबला. "कशानं?"

"पाण्यानं. हलकं होतं, पण मिठाचं होतं."

"बाटलीत तर निळं दिसायचं."

"बाटलीला मीठ दिसत नाही."

तानुबाईंनी सूप बाजूला ठेवलं आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या. तिथून त्यांचा आवाज आला. "म्या म्हनले व्हते, साधं पानी घाला."

"म्हणाली होतीस."

"तवा तुमी काय म्हनला?"

"घरातलं उत्तम ते त्याला."

"उत्तम!" आत पातेलं जरा जोरात ठेवलं गेलं. "तुमचं नेहमीचं हाय ह्ये. उत्तम काय ते तुमीच ठरवायचं, आन् ज्याला घालायचं त्याला इचारायचं न्हाई. मला बी उत्तम म्हनूनच नेलं हितनं. इचारलं व्हतं का?"

अण्णासाहेबांनी आत येऊन खोलीत नजर फिरवली. गॅस तानुबाईंच्या ताब्यात होता, गिझर इथे कधी नव्हताच. ते खाटेवर बसले. चहा येईपर्यंत बसून राहिले, आणि कप हातात आल्यावरही उठले नाहीत. तानुबाईंनी हे पाहिलं.

"पुरतं मेलं का?" त्यांनी विचारलं.

"बुडाला हिरवं आहे. दोऱ्याएवढं."

"मंग हितं बसून काय करताय? त्याला पानी कोन घालील?"

"तू येत नाहीस?"

"पौर्णिमेला बगू म्हनले व्हते. झाली का पौर्णिमा?"

अण्णासाहेब परत आले. त्यानंतरचे दिवस त्यांनी कसे काढले हे विचारायची सोय नाही. ओतायचं, निथळू द्यायचं, बघायचं. नेहा म्हणायची, "पप्पा, टक लावून बघितल्यावर झाडसुद्धा लाजेल हो." ते दार लावून आत येत आणि दाराच्या काचेतून बघत. वर काडी तशीच वाळकी. खाली सी विंगच्या भिंतीवरचा पिंपळ टँकरच्या पाण्यावर भराभर पानं काढत होता, आणि येता-जाता अण्णासाहेब त्याच्याकडे भावकीतल्या श्रीमंत माणसाकडे बघावं तसं बघत.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी मातीलगत सालीतून काहीतरी लालसर टोचून वर आलं. तांदळाच्या दाण्याएवढं. अण्णासाहेबांनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं, मग नेहाला बोलावून तिला बघायला लावलं. स्वतःच्या डोळ्यांवर त्यांनी या वर्षी भरवसा ठेवला नव्हता.

"फुटलंय, पप्पा," नेहा म्हणाली. "करा फोन आईंना."

"तू कर. मी केला तर तिला वाटेल मी उत्तम सांगतोय."

तानुबाई दुसऱ्या दिवशी सकाळी रिक्षातून उतरल्या, हातात पाण्याचा पांढरा कॅन. तो त्यांनी कुणाला उचलू दिला नाही.

"ह्ये तुकाराम नगरचं पानी. माज्या चहाचं," त्यांनी ओट्यावर कॅन ठेवत बजावलं. "ह्याला कुनी हात लावायचा न्हाई, आन् ह्यात तुमचे थेंब टाकायचे न्हाईत."

मग त्या बाल्कनीत गेल्या. वाकून ते लाल टोक पाहिलं. वाळकी काडी बोटाने हलवून पाहिली. "वरचं गेलं," त्या म्हणाल्या. "खालचं नवं हाय."

"आणलेल्याच झाडाचं आहे," अण्णासाहेब घाईने म्हणाले. "मूळ तेच."

"दिसतंय मला."

सगळ्यांनी मिळून त्रिसरण-पंचशील म्हटलं. तानुबाई पाण्याचा मग घेऊन ड्राय बाल्कनीत गेल्या, वायर सुटलेला नळ स्वतःच उघडला आणि कच्चं पाणी भरून कुंडीत घातलं. परत नळापाशी येऊन त्यांनी पदराची गाठ सोडली. गाठ इतकी जुनी झाली होती की दातांनी ओढावी लागली. चावी त्यांनी नळाच्या मुठीला अडकवली, जिथे वायर होती तिथे.

"हितं ऱ्हाऊ द्या. लागली तर घेईन," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला गेल्या.

त्या नळातून सारखे शिंतोडे उडतात. आठवडाभरात चावीवर पांढरा थर धरणार, हे अण्णासाहेबांना उभ्या जागी दिसत होतं. स्वयंपाकघरात जाऊन त्यांनी लिंबू शोधलं, अर्धं कापलं आणि नळाशेजारच्या खिडकीत ठेवून दिलं.